हरभऱ्याएवढं भोक

पेटी १३०

सिलिकॉनला बोट लावायचं तर आधी बोट साबणाच्या पाण्यात बुडवायचं. नाहीतर ते बोटालाच चिकटतं, ओढलं की त्याची तार निघते आणि कडेला अशी गिचमीड होते, जणू लहान लेकरानं भात कालवला. ही युक्ती दीपमालाला कोणी शिकवली नव्हती. डाव्या पायाशी साबणाच्या पाण्याचा डबा, कंबरेला चिंध्यांची पिशवी, उजव्या हातात सिलिकॉनची बंदूक. डोक्यावर सोलरचं पॅनेल. म्हणायला छप्परच, पण दोन पॅनेलांच्या फटीतलं पाणी नेमकं मानेवर पडायचं आणि पाठीच्या पन्हाळीतून खाली जायचं.

झड लागून अकरावा दिवस होता. बीबी गावाच्या पुढच्या त्या शिवारात तीन वर्षांमागे सोयाबीन आणि तूर होती. आता लोखंडी खांबांच्या रांगा होत्या, आणि त्या खांबांना कंबरेच्या उंचीवर करड्या पेट्या. पॅनेलांच्या वायरी खालून पेटीत शिरायच्या, आत एकमेकींना जुळायच्या आणि एक जाड केबल होऊन जमिनीत जायच्या. दीपमालाचं काम एवढंच, की त्या पेटीत धूळ जाऊ नये आणि पाणी जाऊ नये. झाकणाच्या खाचेत रबराची दोरी बसवायची. चार स्क्रू समोरासमोरचे कोपरे धरत आवळायचे. वायर शिरते तिथं ग्लँड असतो, त्याची चकती पान्यानं इतकीच फिरवायची, की आतलं रबर वायरीला धरेल पण चावणार नाही. वायरीला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाला लोंबेल आणि तिथूनच टपकून जाईल.

पेटीवर सहासष्टचा आकडा छापलेला होता. "पहिला सहा धुळीचा, दुसरा सहा पान्याचा," शेजारच्या रांगेतली सुचिता म्हणायची. "अन् तिसरा आपल्या पाठीचा. तो कोनी छापत नाई."

साडेदहाच्या सुमारास हिंमतराव आला. ठेकेदाराचा सुपरवायझर. त्याचा रेनकोट पिवळा होता आणि त्याच्यासाठी छत्री धरायला वेगळा माणूस होता. त्यानं एका पेटीचं झाकण उघडून आत बोट दाखवलं. मुंगळ्यांनी तळाशी ओंजळभर माती आणून टाकली होती.

"कुठून आले हे?"

"खालच्या भोकातून," दीपमाला म्हणाली.

पेटीच्या तळाला, ग्लँडच्या रांगेच्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढं भोक होतं. त्याला जाळीचं बूच असायचं. उन्हाळ्यात बुचं वाळून गळाली होती.

"बुजवा."

"साहेब, हे भोक कंपनीनंच देलं हाय."

"कंपनीनं देलं, मुंगळ्याईनं घेतलं. नवी बुचं यायले दिवाळी होईन. बुजवा म्हनतो तर बुजवा. अन् मानशी बारा पेट्या पाह्यजेत रोजच्या. पान्याचं कारन नको सांगू कोनी."

दीपमालानं पेटीत हात घातला. आतली भिंत थंड आणि ओली लागली. तिनं चिंधीनं पुसलं, पण चिंधीच दमट होती.

"आत ओल हाय साहेब."

"झाकल्यावर वाळते," हिंमतराव म्हणाला आणि छत्रीसकट पुढच्या रांगेकडे गेला.

तिनं माती काढली. भोकात बंदुकीचं नाक टेकवून चाप दाबला, साबणाचं बोट गोल फिरवलं. इतकं गुळगुळीत झालं, की तिथं कधी भोक होतं हे हाताला कळू नये. झाकण लावलं, स्क्रू आवळले. हिंमतरावाच्या माणसानं झाकणाच्या सांध्यावर नंबराचा कागदी सील चिकटवला. मग तिनं मार्करनं कोपऱ्यात स्वतःचं अक्षर काढलं. *दी.*

आठ दिवसांत शहाण्णव पेट्या झाल्या. एकशेतीसपासून दोनशे पंचवीसपर्यंत, रांग नऊ ते रांग चौदा. हिंमतरावानं मोबाईलवर फोटो काढून ठेकेदाराला पाठवला तो तिच्याच पेटीचा. बाकीच्यांना म्हणाला, "पाहा. बाईमानूस हाय, पन काम पाहा." तिला ते आवडलं होतं. पुढं तिला याचीच लाज वाटली, की ते आवडलं होतं.

धुरा

रांग बारा ही त्यांच्याच चार एकरांवर उभी होती.

सासरे, माणिकराव, पहाटे पाचला फाटकातून आत जायचे आणि नऊपर्यंत पॅनेलं धुवायचे. खांद्यावर टँकरचा पाईप, पायात फाटका गमबूट. रांग नऊ ते चौदा त्यांच्याकडे होत्या. जमीन सपाट करताना मशीननं धुरा, शेताचा बांध, काढून टाकला होता, तरी बाराव्या रांगेत एका ठरावीक जागी आले की त्यांचा पाय आपोआप वीतभर उचलला जायचा. धुरा ओलांडल्यासारखा. एकदा दीपमालानं मागून पाहिलं आणि विचारलं, "मामाजी, ठेच लागली का?" ते म्हणाले, "नाई व. सवय."

करार सत्तावीस वर्षांचा होता. तो संपेल तेव्हा माणिकराव शहाऐंशीचे होणार होते. जमीन दिलेल्या घरटी एक नोकरी, असं ठरलं होतं. ती दीपमालाला लागली, कारण घरात आयटीआय तिनंच केलेलं. माणिकरावांचं काम हिंमतरावानं मेहरबानी म्हणून दिलेलं होतं. ते तो विसरला नव्हता आणि कोणाला विसरूही देत नव्हता. "ए मानक्या, पाईप गुंडाळ." "मानक्या, तिकडचं कोरडं राह्यलं बे." बासष्ट वर्षांचा माणूस मान डोलावून 'हाव' म्हणायचा आणि पाईप गुंडाळायचा. नवरा प्रसेनजित खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये, हंगामभर तिकडंच. घरात या तिघांचा संसार: सून, सासरा, आणि सासू जनकाबाई.

पेटी २१४

झड गेली. पोळा गेला. सोयाबीन निघालं. मग ते ऊन आलं ज्यात लोखंडाला हात लावला की हात आपणच मागं येतो.

सोमवारी, दिवस चांगला वर आल्यावर, रांग तेरामध्ये फाट्‌ असा आवाज झाला. फटाक्यासारखा नाही. ओलं लाकूड चिरतं तसा.

दीपमाला धावली. कडूबा खांबाशी बसला होता. पॅनेलांखालचं गवत कापायला तो रोजंदारीवर यायचा, साठी उलटलेला, एकटा. विळा बाजूला पडला होता. उजवा हात त्यानं स्वतःपासून लांब धरला होता, दुसऱ्याचा असल्यासारखा. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी पांढरी होऊन सुटली होती. जळल्या केसांचा आणि प्लास्टिकचा वास.

"पोरी, मी काईच नाई केलं," तो म्हणाला. "मी त गवत कापत होतो. पेटीले हातबी नाई लावला. तिनंच…"

"बोलू नका बाबा. हात खाली नका टेकवू."

तिनं अंगावरच्या बाटलीतलं पाणी हातावर सोडलं. जीप यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कडूबा एकच गोष्ट परत परत सांगत होता, की त्यानं काही केलं नाही. तिला ते ऐकू येत होतं आणि ती पेटीकडे बघत होती. झाकण वितळून दुमडलं होतं. कोपऱ्यातलं *दी* शाबूत होतं. पेटीचा तळ तुटून गवतात पडला होता. तिनं चपलेच्या टोकानं तो उलटा केला. हरभऱ्याएवढ्या जागी तिचं सिलिकॉन जसंच्या तसं होतं, गोल, गुळगुळीत.

जीप गेल्यावर हिंमतरावानं रुमालात धरून विळा उचलला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

"तो कायले?" सुचितानं विचारलं.

"विळ्यानंच वायर तुटली नं," तो म्हणाला.

चहा

दिवेलागणीला तो घरी आला. आजवर कधी आला नव्हता.

"माणिकराव, बसा न," तो म्हणाला. माणिकरावांच्याच घरात. माणिकराव बसले. आपलं आख्खं नाव त्याच्या तोंडून ऐकून त्यांची मान जराशी ताठ झाली, आणि ते चुलीपाशी उभ्या दीपमालाला दिसलं.

जनकाबाईंनी चहा दिला. हिंमतरावानं कप घेतला, पायाशी ठेवला. मग बोलत राहिला. चहावर साय धरली.

"कागद हाय एक. साधाच. कडूबानं विळा मारला, वायर तुटली, असं. तुम्ही साक्षीदार."

"मी त तिथं नव्हतो. मी नवाले घरी येतो."

"जाग्यावर कामाले होतो, एवढंच लिव्हलं हाय. सकाळी होता का नाई?"

"सकाळी होतो."

"मंग."

चष्मा आतल्या खोलीत होता. माणिकरावांनी तो मागितला नाही. सही मात्र त्यांनी सावकाश केली, म मोठा काढून, खाली रेघ ओढून. गावात त्यांच्या वयाची निम्मी माणसं अंगठा लावतात. ते कधी लावत नसत.

हिंमतराव उठला. "दीपमाला, तुझी सही शनिवारी, मॅडमसमोर. कंपनीच्या मॅडम येऊन राह्यल्या पुन्याहून."

"मी नाई केली तर?"

"तर त्या विचारतीन, पेटी कोनी बंद केली." तो हसला. "अक्षर कोनाचं हाय झाकनावर? मी नाई काढलं. अन् घरची दोन मानसं कामाले हायत म्हटलं."

तो गेल्यावर जनकाबाईंनी कप उचलला. भरलेला तसाच. त्यांनी तो मोरीत ओतला आणि कप घासला. मग पुन्हा घासला.

कोठी

मंगळवारी दुपारी दीपमालानं सुचिताच्या रांगेतल्या पेट्यांखाली वाकून पाहिलं. सिलिकॉन उकललं होतं. कुठं अर्धं लोंबत होतं, कुठं पडूनच गेलं होतं.

"माझं काय पाह्यतं व," सुचिता म्हणाली. "मी त बोटबी नाई फिरवलं. उन्हानं महिन्यातच निघालं. माझं काम कच्चं, म्हनून मी वाचली."

ती हसत होती. दीपमाला हसली नाही.

संध्याकाळी अंगणातला मूग आत घ्यायचा होता. दिवसभर पत्र्यावर तापलेला. जनकाबाई शेजारी गेल्या होत्या, म्हणून दीपमालानं टोपल्यानं मूग भरला, पत्र्याच्या कोठीत ओतला आणि झाकण दाबून बसवलं. तासाभरानं जनकाबाई आल्या, त्यांनी कोठीला तळहात लावला.

"ओतलं तसंच? गरम गरम?"

"हाव."

"काढ झाकन."

दीपमालानं झाकण काढलं. आतल्या बाजूला थेंब होते. बारीक, दाट, एकमेकांना चिकटायच्या बेतात. तिनं झाकण तिरपं केलं तशी एक ओळ घसरून तिच्या मनगटावर आली.

"गरम कोंडलं का घाम येते. निवू द्या लागते आधी. रातभर नुसतं फडकं बांधायचं, मंग झाकन." जनकाबाई फडकं शोधत होत्या. "बाहेरचं पानी आत नाई जाऊ देलं, ठीक हाय. पन आतलं जाईन कुठं?"

दीपमाला झाकण हातात धरून उभीच राहिली. झडीतली ओली भिंत. दमट चिंधी. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, दिवसा तापायचं. दोन महिने. आणि खालचं भोक, जे तेवढ्यासाठीच होतं.

"आत्या," ती म्हणाली, "माझ्या पंच्याण्णव पेट्या अशाच हायत."

जनकाबाईंना पेट्यांतलं काही कळत नव्हतं. पण रांगा त्यांना माहीत होत्या.

"कोन्त्या रांगीत?"

"नऊ ते चौदा."

जनकाबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर ओट्यावर माणिकराव गमबुटाच्या फाटलेल्या जागी ट्यूबचा तुकडा लावत होते. पहाटेसाठी. ओल्या पायानं, हातात पाण्याचा पाईप घेऊन, ऊन वर येईपर्यंत ते त्याच रांगांत असायचे.

जबाब

बुधवारी हजेरीला ती म्हणाली, "साहेब, माझ्या पेट्या उघडू द्या. आत पानी साचलं हाय."

"तुले दिसते का आतलं?"

"भोक बुजवल्यानं…"

"हळू बोल." हिंमतराव जवळ आला. त्याच्या तोंडाला सुपारीचा वास होता. "उघडल्या म्हंजे कबूल केलं. सील तोडला तर त्याचा नंबर वर कळवा लागते. शनिवार जाऊ दे. मंग पाहू दिवाळीनंतर."

"तवरोक मामाजी…"

"मानक्याले दुसऱ्या रांगा देऊ म्हनतं? अन् तिकडं कोनाले पाठवू? त्याले नाई का घरदार?"

 तो बोलला ते खरंच होतं, तो ते कशासाठीही बोललेला असेना का.

संध्याकाळी प्रसेनजितचा फोन आला. मागं जिनिंगची घरघर, तो ओरडूनच बोलत होता. "करून टाक सही! बाबानं केली नं!"

"अन् कडूबा?"

घरघर.

"कडूबाले कोन हाय मांगं," तो म्हणाला. "आपल्याले हाय."

तिनं वहीतला एक कागद फाडला.

*मी, दीपमाला प्रसेनजित, लिहून देते की दि. रोजी पेटी क्र. २१४ जवळ मजूर कडूबा याने विळा*

फाडला.

*मी लिहून देते की पेटीचे खालचे भोक मला सुपरवायझर यांनी बुजवण्यास सांगितले म्हणून मी*

यात *म्हणून मी* पर्यंत आल्यावर माणिकरावांची सही आठवली. मोठा म, खाली रेघ. हा कागद खरा, तर तो कागद खोटा, आणि त्याखाली सासऱ्याचं नाव.

फाडला.

*मी लिहून देते की*

पुढं कोरं.

तिनं तो कागद घडी करून चुलीत घातला आणि सासूकडे वळली. "आत्या, पोते शिवायची दाभन कुठं हाय?"

पेट्या १३० ते १६०

झाकणाला सील होता. तळाला नव्हता.

दाभणाला तिनं लाकडी मूठ बसवली. टोकापासून बोटाचं एक पेर सोडून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली, गाठोडं होईपर्यंत, म्हणजे दाभण पेटीच्या जाडीपुरतीच जाईल, आतल्या तारांपर्यंत पोचणार नाही. हातात रबरी मोजे. आणि वेळ दिवस उगवायच्या आधीची, कारण उजेड नसला की पॅनेलं काही तयार करत नाहीत. मेलेली असतात.

गुरुवारी ती सासऱ्याबरोबर फाटकातून आत गेली. "आज कायले लौकर?" पहारेकऱ्यानं विचारलं. "मामाजींची कंबर दुखते, पाईप धरते," ती म्हणाली. त्यानं पास पाहिला, जाऊ दिलं.

माणिकरावांना तिनं रस्त्यात सांगितलं होतं. सगळं.  नवव्या रांगेच्या तोंडाशी त्यांनी पाईप खाली ठेवला आणि विजेरी तिच्या हातून घेतली.

एकशेतीस. खाली वाकायचं, डावा गुडघा चिखलात. बोटानं जागा शोधायची. तिचंच काम, तिलाच सापडेना, इतकं ते गुळगुळीत. मग टोक टेकवून दाबायचं. दाभण गेली. ओढली. काही नाही. मग एक थेंब. मग दुसरा थेंब त्याच्या मागोमाग, मग थेंबाथेंबातली जागा संपली.

"अबब," माणिकराव म्हणाले.

एकशे एकतीस. थेंब.

एकशे बत्तीस. धार, करंगळीएवढी.

एकशे तेहतीस काही नाही. तिनं श्वास सोडला. मग आलं.

एकशे सदतीस. पिवळं पाणी, गंजाचं.

पुढं दोघंही आकडे बोलेनासे झाले. विजेरीचा गोल खांबाखांबानं पुढं सरकत होता. गुडघे उठत होते, टेकत होते. तिची पाठ पेटली होती. मागं वळून पाहिलं तर अंधारात रांगभर टपटप ऐकू येत होतं.

"मी वाचला असता त कागद," माणिकराव मध्येच म्हणाले, "चष्मा होता घरात."

तिनं पुढची पेटी चाचपली.

एकशे साठला पूर्व पांढुरकी झाली. वरची पॅनेलं काळ्याची निळी दिसू लागली. तिनं दाभण मागं घेतली, कमरेच्या पिशवीत चिंध्यांखाली घातली. एकतीस झाल्या. माणिकराव पाईप उचलून पळत टँकरकडे गेले, बासष्ट वर्षांचे, गमबुटात पाणी वाजवत. उशीर झाला म्हणून त्या दिवशी हिंमतरावानं त्यांचा अर्धा रोज कापला.

शुक्रवारी आणखी एकतीस. बाराव्या रांगेत त्या जागी आल्यावर, अंधारात, विजेरीचा गोल वीतभर वर उचलला गेला आणि पुन्हा खाली आला.

शनिवारी बत्तीस. एक सोडली. दोनशे पंधरा. जळलेल्या पेटीच्या शेजारची.

"ही राह्यली," माणिकराव म्हणाले.

"राहू द्या. आज इकडं नका येऊ पाईप घेऊन."

पेटी २१५

मंजुश्री मॅडम अकराला आल्या. तिशीच्या आत-बाहेर, पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्र. ऊन त्यांना सोसत नव्हतं हे दिसत होतं, तरी त्या सगळ्या रांगा पायी फिरल्या. २१४ चे फोटो घेतले. हिंमतरावानं पिशवीतला विळा दाखवला. त्याचाही फोटो घेतला.

"वायरवर कापल्याची खूण कुठे आहे?"

"जळून गेली मॅडम."

त्यांनी कागद काढला. "दीपमाला तुम्हीच ना? तुमची सही राहिली आहे."

हिंमतरावानं स्वतःचा पेन पुढं केला. माणिकरावांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. ते टोपी हातात घेऊन चार पावलं मागं उभे होते. सुचिता खांबाआडून बघत होती.

पेन दीपमालाच्या हातात आला. शर्टाच्या खिशाची ऊब त्याला होती. सही केली की सगळं पुन्हा बंद होणार होतं. भोकं पडली होती, पेट्या वाचल्या होत्या, कोणाला कळणारही नव्हतं. घरची दोन माणसं कामाला राहिली असती. कडूबाचा हात विळ्यानं गेला असता.

"मॅडम," ती म्हणाली, "सहीच्या आधी ही दोनशे पंधरा पाहा."

"सील हाय तिले," हिंमतराव म्हणाला. "उघडता येत नाई."

"उघडायची गरज नाई."

तिनं आधी रांगेचा स्विच पाडला. मोजे चढवले. पिशवीतून दाभण काढली तेव्हा हिंमतराव एक पाऊल पुढं आला, पण मॅडमनी हात आडवा केला होता. दीपमालानं गुडघा टेकला, जागा शोधली, दाबलं, ओढलं.

या पेटीनं थेंबाची वाट पाहायला लावली नाही. धारच आली. मॅडमच्या पांढऱ्या बुटावर पडली. मॅडम मागं सरकल्या नाहीत. धार चालूच राहिली, गवतात छोटं डबकं झालं आणि त्यात एक मुंगळा पोहायला लागला.

"भोक कुणी बुजवलं?"

"हिनं!" हिंमतराव म्हणाला. "अक्षर पाहा झाकनावर. सोताच्या मनानं—"

"मी बुजवलं," दीपमाला म्हणाली. "साहेबांनी सांगितलं होतं. पन बोट माझं हाय. कडूबाबाचा विळा वायरीले लागला नाई."

मॅडमनी कागद पाहिला. "साक्षीदार माणिकराव. हे कोण?"

"माझे सासरे."

"त्यांनी तर पाहिलंय असं लिहिलंय."

दीपमालानं कागदावरचा मोठा म पाहिला. आता जे बोलेल ते त्यांच्या सहीवरून चालत जाणार होतं.

"सही माझी हाय," मागून माणिकराव म्हणाले. टोपी त्यांनी डोक्यावर घातली. "पाह्यलं मी काईच नाई."

मॅडमनी कागदाची घडी केली आणि बॅगेत ठेवली. "अहवालात येईल हे," एवढंच म्हणाल्या. कडूबाचा दवाखाना कोण बघतंय ते त्यांनी विचारलं, वहीत लिहून घेतलं, आणि ओल्या बुटानं गाडीकडे गेल्या. विळ्याची पिशवी तिथंच गवतात राहिली.

तीन वाजता पहारेकऱ्यानं दीपमालाचा पास मागून घेतला. वरून सांगणं आलंय म्हणाला. वर म्हणजे किती वर, ते त्यालाही माहीत नव्हतं.

जाळी

माणिकरावांना काढलं नाही. सोमवारी पहाटे हिंमतराव फाटकावर उभा होता. "ए मानक्या," तो म्हणाला, "आजपासून सगळ्या रांगा तुह्याकडं. एकट्याकडं."

"हाव," माणिकराव म्हणाले.

साडेसातला दीपमाला डबा घेऊन कुंपणाशी आली. बाहेरून. बाराव्या रांगेचं टोक जिथं कुंपणाला लागतं तिथं. पूर्वी ती इथून बैलगाडीच्या वाटेनं शेतात शिरायची. डबा जाळीतून जाणार नव्हता. तिनं भाकरीच्या सुरळ्या करून एकेक आत सरकवली. त्यांनी ओल्या हातानं घेतली.

"पेट्यांखाली काई टपकते का अजून?"

"नाई. कोरड्या हायत."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पाईपच्या गुंडाळीतून पिशवी काढली. कडूबाचा विळा.

"परवापासून पडून होता तिथंच. दे त्याले. त्याच्या बापाच्या वेळचा हाय, सांगत होता एकदा."

त्यांनी विळा जाळीला लावला. पातं वाकडं, मूठ जाड; जाळी चार बोटांची. उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. पातं यायचं, मूठ अडायची.

"फाटकातून न्यावा त नोंद करतीन," ते म्हणाले. "म्हनतीन पुरावा हाय."

दोघं जाळीच्या दोन बाजूंना उभी राहिली. ऊन पॅनेलांच्या कडेवर आलं होतं. कुठंतरी शिट्टी वाजली.

"मामाजी, मूठ काढा."

ते खाली बसले. धुऱ्यातला एक दगड मशीननं जमिनीत दाबला होता, त्याचं डोकं तेवढं वर होतं. त्यावर विळ्याची मूठ त्यांनी तीनदा हापटली. चौथ्यांदा पातं सैल झालं. आधी पातं बाहेर आलं, टोकानं, त्याच्या गंजाची रेघ तिच्या तळव्यावर उठली. मग मूठ. कडूबाच्या उजव्या हाताच्या चार बोटांनी तिच्यावर चार खळगे पाडले होते.

"ए मानक्या!" रांगेच्या पलीकडून आवाज आला.

"आलो," ते म्हणाले, आणि उठले. जाताना त्या जागी त्यांचा पाय वीतभर उचलला गेला.

दीपमालानं रस्त्याच्या कडेला दगड शोधला. पात्याचा दांडा मुठीच्या भोकात बसवला आणि मूठ खाली करून दगडावर ठोकली. भोक ढिलं झालं होतं. तिनं कमरेच्या पिशवीतली एक चिंधी फाडली, दांड्याभोवती गुंडाळली, पुन्हा ठोकली. हलवून पाहिलं. बसली होती.

मग ती कडूबाच्या घराकडे निघाली, विळा उजव्या हातात धरून, सगळ्यांना दिसेल असा.